पावागड ज्वालामुखी आहे का? आणि त्या डोंगराबद्दल बरंच काही

रावपुरावाली

नमस्कार मंडळी,

दर पावसाळ्यात पावागडाच्या माथ्यावर ढग उतरले की बडोद्याच्या ग्रुपांवर तोच मजकूर फिरायला लागतो. "पावागड हा सुप्त ज्वालामुखी आहे, कधीही जागा होईल." सोबत ढगाचा फोटो, आणि खाली "बघा, धूर निघतोय". गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीतल्या दोन-तीन जणी खरंच घाबरल्या होत्या.

बडोद्यापासून जेमतेम पन्नास किलोमीटरवरचा डोंगर, २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे, आणि आपल्या मुलांना त्याची माहिती किती? रोपवे आणि कालिकामाता, बस्स. त्यात आता ही भीती. मला हे मनापासून खटकतं. दिवाळीनंतर आमच्या मंडळाची सातवी ते दहावीची मुलं तिथे न्यायची आहेत. ज्वालामुखीचं खरं-खोटं काय, सपाट मुलखात हा डोंगर एकटाच का उभा राहिला, आणि माणसं त्यावर कधीपासून राहतात, एवढं त्यांना नीट सांगता आलं पाहिजे. इथे बडोद्याचे, इंदूरचे, ग्वाल्हेरचे जाणते लोक आहेत. हात राखून लिहू नका.

---

अजवारोड

धूर असलाच तर तो माचीवर मक्याची कणसं भाजतात त्याचा. बाकी सगळे ढग. :)

---

दगडधोंडे

रावपुरावाली, धागा काढलात ते फार बरं केलंत. आयुष्यभर भूशास्त्र शिकवलं, आणि विद्यार्थ्यांना पहिल्यांदा घराबाहेर काढलं की पावागडच दाखवायचा हा नेम. त्यामुळे जरा लांबण लागेल.

पावागडाचा दगड ज्वालामुखीचाच आहे, यात शंका नाही. पण आज त्याच्या पोटात लाव्हारस नाही. तो सुप्तही नाही. ज्या उद्रेकांतून तो बनला ते सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी झाले आणि कायमचे थांबले. मुंबई, पुणे, नाशिक, इंदूर ज्या काळ्या कातळावर उभे आहेत तोच हा दख्खनचा लाव्हा. आजही त्याने जवळपास ५ लाख चौरस किलोमीटर जमीन झाकलेली आहे, आणि झिजून गेला तो वेगळाच. त्या वेळी भारताची भूमी आजच्या रियुनियन बेटाखाली असलेल्या तप्त भागावरून उत्तरेकडे सरकत होती, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पुढे ती सरकून निघून आली, तो तप्त भाग मागे समुद्रात राहिला. आता पावागडाखाली पेटायला काही उरलेलं नाही.

दुसरं म्हणजे, चित्रात दाखवतात तसा शंकूसारखा आणि वर तोंड असलेला ज्वालामुखी इथे नव्हता. जमिनीला लांबच लांब भेगा पडत, त्यातून लाव्हा वर येई आणि पसरे. एक थर थिजला की कधी थोड्या, कधी बऱ्याच काळाने पुढचा. पावागडावर असे दहा-बारा थर एकावर एक आहेत. म्हणजे हा डोंगर वर उसळून आलेला नाही. आजूबाजूचं सगळं झिजून गेलं आणि हा उरला.

आता तो एकटा का उरला ते सांगतो. खालचे थर बेसाल्टचे, म्हणजे त्याच काळ्या कातळाचे आहेत, काही तर ऑलिव्हिन या खनिजाच्या हिरवट कणांनी भरलेले. माथ्यावरचा दगड मात्र निराळा, त्याला रायोलाइट म्हणतात. बेसाल्टमध्ये सिलिका, म्हणजे वाळूतला मुख्य घटक, साधारण निम्मी असते, रायोलाइटमध्ये सत्तर टक्क्यांच्या आसपास. सिलिका वाढली की लाव्हा घट्ट होतो. गुळाचा पाक कच्चा असताना ताटभर पळतो आणि पक्का झाला की पळीलाच धरून बसतो, तसंच हे. तो घट्ट लाव्हा जाड थर होऊन बसला, आणि थिजल्यावर इतका चिवट झाला की पाऊस-वाऱ्याला लवकर दाद देईना. त्याच्या आश्रयाने खालचे थर टिकले. माथ्याजवळ जे सरळसोट कडे दिसतात ते या रायोलाइटचे.

मुलांना एक गोष्ट जरूर दाखवा. माथ्याकडच्या पायऱ्यांच्या कडेला उघडा दगड दिसला की ओल्या फडक्याने पुसा आणि भिंग लावा. फिकट राखाडी-गुलाबी दगडात केसासारख्या बारीक रेघा दिसतील, कुठे सरळ, कुठे वळलेल्या, कुठे एखाद्या टपोऱ्या कणाला वळसा घालून गेलेल्या. लाव्हा सरकता सरकता थिजला, त्याच्या वाहण्याच्या त्या खुणा. काही ठिकाणी पिचस्टोनही आहे. काळा, डांबरासारखी चमक असलेला, फुटला की धारदार कपच्या निघणारा. ती नैसर्गिक काच आहे. लाव्हा इतका झपाट्याने थंड झाला की त्यात स्फटिक धरायला वेळच मिळाला नाही.

---

रावपुरावाली

दगडधोंडे काका, हे सगळं मुलांना वाचूनच दाखवते. पाकाचं तर आमच्या स्वयंपाकघरातच करून दाखवता येईल.

---

प्रश्नचिन्ह

काका, पूर्ण पटलं असं म्हणणार नाही. गोध्र्याजवळ टुवाला गरम पाण्याचे झरे आहेत, आम्ही लहानपणी तिथे अंघोळी केल्यात. लसुंद्र्यालाही आहेत. खाली काहीच तापलेलं नसेल तर पाणी गरम कसं येतं? पावागड ज्यात येतो त्या पंचमहालातले लोक त्या झऱ्यांचा आणि पावागडाचा संबंध उगीच लावत नसावेत.

---

दगडधोंडे

प्रश्नचिन्ह, रास्त शंका आहे. पण गरम झऱ्याला लाव्हारस लागत नाही. जमिनीत खोल जावं तसं तापमान वाढतंच, साधारण दर किलोमीटरला २५ ते ३० अंश. पावसाचं पाणी खडकातल्या खोल भेगांतून खाली मुरतं, तापतं, आणि दुसऱ्या भेगेने वाट मिळाली की वर येतं. कोकणात वज्रेश्वरी, गणेशपुरी, उन्हवरे इथे गरम पाणी आहे, तिथेही आज ज्वालामुखी नाही. गुजरातच्या जमिनीला मोठमोठ्या भेगा आहेत, त्यामुळे असे झरे बरेच सापडतात.

---

राजवाडा_इंदूर

आमच्याकडे हेच जानापावबद्दल ऐकतो. महूजवळचा डोंगर, चंबळेचा उगम, परशुरामाचं जन्मस्थान म्हणून मोठी श्रद्धा. वर कुंड आहे. त्या कुंडाला बोट लावून "हेच ज्वालामुखीचं तोंड" असं सांगणारे पावलोपावली भेटतात. कार्तिकी पौर्णिमेच्या जत्रेत तर विचारायलाच नको.

काका, त्यात तथ्य किती?

---

दगडधोंडे

दगड तोच, दख्खनच्या लाव्ह्याचा. पण वर कुंड आहे म्हणजे ते विवर, असा हिशेब नसतो. डोंगरमाथ्यावर पाणी साठवायला माणसांनी कुंडं बांधलीच आहेत, आणि सपाट थरावर नैसर्गिक खोलगट जागाही असतात. विवर म्हणायचं तर भोवतीचे थर बाहेरच्या बाजूला कललेले हवेत, राख आणि लाव्ह्याचे उडालेले गोळे हवेत.

ज्याच्यातून लाव्हा वर आला त्या नळीतला थिजलेला दगडच उरलाय असे डोंगर बघायचे असतील तर कच्छचा धिणोधर बघावा. गिरनार आणखी वेगळा. तिथे लाव्हारस जमिनीच्या पोटातच थंड झाला आणि वरचं आवरण झिजल्यावर उघडा पडला. तिन्ही त्याच काळाच्या आसपासचे, पण तिघांच्या तीन तऱ्हा.

---

हालोलकर

आम्ही या डोंगराच्या पायथ्याचेच. खिडकी उघडली की पावागड. सकाळी माथा दिसतो की नाही यावर आमच्याकडे कपडे वाळत घालायचे की नाही ते ठरतं.

काकांनी थरांचं सांगितलं ते हालोलच्या रस्त्यावरून उघड्या डोळ्यांनी दिसतं. डोंगर एकसारखा चढत नाही. चढ, मग सपाटी, पुन्हा चढ, पुन्हा सपाटी. माची ही अशीच एक सपाटी, मौलिया ही वरची. माणसांनी जे काही बांधलं ते याच सपाट्यांवर आणि चढाच्या तोंडाशी. अटक दरवाजा, बुढिया दरवाजा, सदनशाह दरवाजा, सगळे जिथे चढ अरुंद होतो तिथे. सदनशाह दरवाज्याची वाट कातळात वळणं घेत जाते. हत्ती सोडाच, चार माणसं धावत वर येऊ शकणार नाहीत.

आणि वरचे तलाव! छासिया, दुधिया, तेलिया. नदी नाही, ओढा नाही, पावसाळा संपला की डोंगर कोरडा. तरी शेकडो वर्षं वर फौज राहिली ती या साठवलेल्या पाण्यावर. धान्याची नवलखा कोठारं आणि मकाई कोठार अजून उभी आहेत. तुमची मुलं कोठारात उभी राहिली तर भिंतीची जाडी हाताने मोजून बघायला सांगा.

---

वाडीकर

आता वेढ्याचा विषय निघणारच.

गुजरातचा सुलतान महंमद बेगड्याने पावागड घेतला नोव्हेंबर १४८४ मध्ये. वेढा दीड वर्षाहून जास्त चालला. वर खिची चौहान, राजा जयसिंह, ज्याला लोक पताई रावळ म्हणतात. इतका काळ तग धरला तो हालोलकर म्हणाले त्या पाण्याच्या आणि धान्याच्या जोरावर. बेगडा तरी किती चिकट असावा! वेढा उठवणार नाही हे दाखवायला त्याने पायथ्याला मशिदीचं बांधकामच काढलं, असं सांगतात. गड घेतल्यावर अहमदाबाद सोडून राजधानी चांपानेरला आणली, नाव दिलं मुहम्मदाबाद. जामा मशीद, केवडा मशीद, नगीना मशीद, शहर की मशीद, सगळं त्या पन्नास वर्षांतलं.

मग १५३५ साली हुमायून आला. रात्री कड्यात लोखंडी खुंट्या ठोकत सुमारे तीनशे माणसं वर चढली. त्यांत बैरामखान होता आणि खुद्द हुमायूनही चढला. ज्या बाजूने कोणी चढणार नाही म्हणून पहारा ढिला होता, तीच बाजू त्यांनी धरली. चिवट रायोलाइटने कोट्यवधी वर्षं पावसाला दाद दिली नाही, पण खुंटीला भेग सापडलीच.

त्यानंतर दरबार अहमदाबादला परत गेला. शहर ओस पडलं आणि रानाने गिळलं. पुढे १९६९ ते १९७५ या काळात आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या रमणलाल मेहतांनी तिथे उत्खनन केलं तेव्हा रस्ते, घरं, बागा, पाण्याच्या वाटा हाती लागल्या. वारसा यादीत नाव लागलं त्यामागे या कामाचा मोठा वाटा आहे. बडोदेकरांनी याचा अभिमान बाळगायला हरकत नाही.

---

आजीचा_बटवा

तुम्हां सगळ्यांचं वाचतेय, छान लिहिताय. पण दगडाच्या आणि तोफांच्या गडबडीत आईला विसरू नका रे बाळांनो.

आमच्या लग्नानंतर सासूबाईंनी पहिली सांगितली ती पताई रावळाची गोष्ट. नवरात्रात गरबा चाललेला, महाकाली स्वतः बाईचं रूप घेऊन फेरात उतरली. राजाची नजर फिरली, त्याने तिचा पदर धरला. तिने समजावलं, दुसरं काहीही माग. त्याने ऐकलं नाही. तेव्हा शाप दिला की तुझं राज्य जाईल. आणि गेलं. बडोद्यात आजही गरब्यात ही कथा गातात, आणि आम्ही मराठी बायकाही त्याच फेरात वाढलो. मुलांना हे सांगितलंच पाहिजे.

---

प्रश्नचिन्ह

आजी, आदर राखून बोलतो. राज्य गेलं ते वेढ्याने. शापाने गेलं असं मुलांना सांगितलं तर दीड वर्ष गड लढवणाऱ्यांची मेहनत पुसली जाते. जयसिंह पकडला गेला आणि मारला गेला. पराभव झाला की त्याचं कारण राजाच्या पापात शोधायचं, हे मला पटत नाही.

---

आजीचा_बटवा

तू म्हणतोस ते वेढ्याचं खरंच आहे, मी कुठे नाही म्हटलं? पण एवढं मोठं राज्य बुडालं तेव्हा खालच्या गावांतल्या बायकांनी त्याचा अर्थ कसा लावला, तेही या डोंगराचंच आहे ना? राजा झाला म्हणून बाईच्या पदराला हात लावायचा नाही, हे त्यांनी साडेपाचशे वर्षं गाऊन ठेवलंय. तेवढं मुलांच्या कानावर पडू दे. विशेषतः मुलग्यांच्या.

---

रावपुरावाली

आजी, दोन्ही सांगणार. आणि शेवटचं वाक्य तुमच्याच शब्दांत.

---

वाडीकर

आजींशी सहमत. फक्त मुलांना हेही सांगा की डोंगरावर नुसती कालिकामाता नाही. मौलियाच्या सपाटीवर लकुलीशाचं देऊळ आहे, दहाव्या-अकराव्या शतकातलं, गडावरच्या सगळ्यांत जुन्या वास्तूंपैकी एक. लकुलीश म्हणजे पाशुपत शैवांचा आचार्य, आणि त्याचं जन्मस्थान म्हणून मानतात ते कारवण आपल्या डभोईजवळच. जैनांची देवळं आहेत, लव-कुश इथे मोक्षाला गेले अशी त्यांची श्रद्धा. कालिकामातेच्या देवळावर सदनशाह पिराचा दर्गा होता. तो एकमेकांच्या संमतीने जवळच हलवला गेला, देवळाला नवं शिखर आलं आणि जून २०२२ मध्ये त्यावर ध्वज चढला. शैव, शाक्त, जैन, मुसलमान, सगळ्यांना हाच माथा हवासा वाटला.

---

लष्करकर

ग्वाल्हेरहून रामराम. बडोद्याच्या धाग्यावर आम्ही का, असं वाटेल. पण पावागड जवळजवळ शंभर वर्षं आमच्या शिंद्यांचा होता, हे बडोदेकर विसरलेले दिसतात. :)

१७२७ मध्ये कृष्णाजीने, म्हणजे कंठाजी कदम बांड्यांच्या माणसाने, चांपानेर घेतलं. अठराव्या शतकाच्या मध्यानंतर ते शिंद्यांकडे आलं. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात सप्टेंबर १८०३ मध्ये कर्नल वुडिंग्टनने पावागड घेतला, पण सुर्जी-अंजनगावच्या तहानंतर तो शिंद्यांना परत मिळाला. १८५३ मध्ये इंग्रजांनी पंचमहालाचा कारभार हाती घेतला, आणि १८६१ मध्ये झांशीकडच्या मुलखाच्या बदल्यात शिंद्यांनी पंचमहाल कायमचा देऊन टाकला. म्हणजे बडोद्याच्या गायकवाडांना आपल्या राज्यातून जो डोंगर दिसे तो शिंद्यांचा!

आमचा ग्वाल्हेरचा किल्लाही असाच सपाट मुलखातून एकदम उठतो, पण तो वालुकाश्माचा. म्हणून आमच्याकडे कड्यात तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती कोरता आल्या, दगड छिन्नीला वश होतो. पावागडच्या कड्यांत असं कोरीवकाम का नाही, हे काकांचं वाचल्यावर आज कळलं.

---

दगडधोंडे

लष्करकर, नेमकं बोललात. रायोलाइट छिन्नीखाली मनासारखा सुटत नाही, कपच्या उडतात. चांपानेरच्या मशिदीही वालुकाश्माच्याच आहेत. जामा मशिदीची खिडकी जवळून बघा. एकाच दगडात वेली, कमळं, भौमितिक जाळी. कडा इतक्या धारदार की परवा कोरल्यासारख्या. हालोलकर, तुमच्या दाराशी एवढा दगड पडलेला असताना त्यांनी कोरण्यासाठी दुसरा निवडला, कारण त्यांना दगड ओळखता येत होता.

---

अजवारोड

अवांतर: मुलांना घेऊन जाताय तर सकाळी निघायच्या आधी बडोद्यातच सेव-उसळ खाऊन घ्या. वर माचीवर महाग पडतं आणि तर्री आपल्यासारखी नसते.

---

लष्करकर

आता तुम्ही जळवताय. आमच्याकडे सकाळी बेडई असते, तीही कमी नाही.

---

राजवाडा_इंदूर

पोह्यांचा विषय मी मुद्दाम काढत नाही, धागा भरकटेल.

---

मगरमित्र

धागा ओढून डोंगरावर आणतो, तोही नदीच्या वाटेने.

विश्वामित्री पावागडातून निघते. आपण सगळे तिच्या काठावर राहतो आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पाणी ३५ फुटांच्या वर गेलं तेव्हा अर्धं बडोदं पाण्यात होतं. तेव्हा सगळ्यांना अजवा धरण आठवलं. डोंगर कोणालाच आठवला नाही.

उघड्या कातळाच्या उभ्या उतारावर पाऊस पडला की तो फारसा मुरत नाही, धावत सुटतो. उतारावर झाडी, पालापाचोळा आणि माती असेल तर तो थोडा थबकतो. पायथ्यापासून बडोद्यापर्यंत पूर्वी कोतरं, म्हणजे ओढ्यांच्या घळी होत्या, तळी होती, तिथे पाणी पसरायचं. चांपानेर वसवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं. वडा तलाव, जागोजागी विहिरी, वळणदार पायऱ्यांची वाव, म्हणजे पायविहीर, पाणी गाळून साठवायच्या टाक्या. डोंगरावरून येणारा एकेक ओहोळ त्यांनी अडवला, वळवला, वापरला. आणि आपण कोतरं भरून त्यावर इमारती उभ्या केल्या. मला याचा राग येतो, खरंच येतो.

मुलांना घेऊन जाल तेव्हा परतीच्या वाटेवर शहरात एखाद्या पुलावर थांबा आणि सांगा की हे पाणी सकाळी बघितलेल्या डोंगराचं. मगरीही दाखवा. भर शहरातून वाहणाऱ्या नदीत शेकडो मगरी राहतात, असं शहर शोधून सापडणार नाही.

---

प्रश्नचिन्ह

मगरमित्र, पुराचा सगळा दोष उताराला देता येणार नाही. पाऊसच एवढा पडला होता. पण कोतरांचं म्हणणं शंभर टक्के मान्य.

---

ओरसंगकाठ

सगळं वाचलं. राजे, सुलतान, शिंदे, इंग्रज सगळे आले. पण या डोंगराभोवतीच्या रानात जे कायम राहिले, ते नायका, राठवा, भील, कोळी यांचं नाव अजून कोणी घेतलं नाही. मी छोटा उदेपूरकडच्या शाळेत शिकवतो, म्हणून लिहितो.

पावागडापासून जांबुघोड्याच्या रानापर्यंतचा पट्टा नायकांचा. १८५८ च्या शेवटी तात्या टोपे छोटा उदेपूरपर्यंत येऊन गेले त्याच सुमारास इथले नायका इंग्रजांविरुद्ध उठले होते. पुन्हा १८६८ मध्ये जोरिया परमेश्वर आणि रूपसिंह नायक यांचा उठाव झाला, तो इंग्रजांनी चिरडला आणि त्यांना फाशी दिली. आमच्या मुलांना हे पाठ असतं. बडोद्याच्या मुलांना का नसावं?

दगडाचंही एक सांगतो. पावागडचा लाव्हा ज्या जमिनीवर पसरला ती जमीन त्याच्यापेक्षा कितीतरी जुनी आहे. गोध्र्याकडचा ग्रॅनाइट ९५ कोटी वर्षांच्या आसपासचा, आणि चांपानेरचे खडक त्याहूनही आधीचे. त्या जुन्या खडकांतच शिवराजपूरचं मँगनीज. त्यासाठी चांपानेर रोडपासून 'पाणी माइन्स' स्थानकापर्यंत नॅरोगेज गाडी धावायची. आमच्या भागातल्या कितीतरी कुटुंबांचे आजे-पणजे त्या खाणीत राबले. आज खाण बंद, गाडी बंद. आणि इकडे अंबाडुंगरला त्याच लाव्ह्याच्या काळातला एक अजब खडक आहे, ज्वालामुखीतून आलेला पण चुनखडीच्या जातीचा. त्यातल्या फ्लोरस्पार या खनिजाची खाण कडीपाणीला.

म्हणजे डोंगर आम्हाला देवीचा, रानाचा, मोहाच्या फुलांचा, आणि मजुरीचाही. हे शेवटचं पुस्तकांत येत नाही.

---

रावपुरावाली

ओरसंगकाठ दादा, हे मला अजिबात माहीत नव्हतं. नॅरोगेज ऐकली होती, मँगनीजसाठी होती हे आज कळलं. तुमच्या शाळेची मुलं आणि आमची मुलं एकाच दिवशी आली तर? जोरिया परमेश्वरांची गोष्ट तुमच्या मुलांनीच सांगावी.

---

ओरसंगकाठ

आनंदाने. शाळेत विचारतो. आमची मुलं डोंगर चढण्यात तुमच्या मुलांना मागे टाकतील, एवढं आधीच सांगून ठेवतो.

---

हालोलकर

मुलांना डायनासोरचं विचारायची सवय असते, तयारीत रहा. बालासिनोरजवळ रैयोलीला अंडी आणि हाडं सापडली आहेत. राजासॉरस तिथलाच.

---

दगडधोंडे

आणि त्याचा संबंध थेट आहे. ती अंडी ज्या गाळाच्या थरात आहेत तो या लाव्ह्याच्या खालचा आणि काही ठिकाणी मधला. म्हणजे पावागडचे थर पसरू लागले तेव्हा ते प्राणी या प्रदेशात होते. ते कशाने संपले यावर वाद अजून जोरात आहे. मेक्सिकोत आदळलेला लघुग्रह हे मोठं कारण मानलं जातं, पण दख्खनच्या उद्रेकांतल्या वायूंनी हवामान किती बिघडवलं होतं यावरही काम चाललंय. दोन्ही गोष्टी सांगा, मुलं वाद घालतील, घालू द्या.

आता मूळ प्रश्नाकडे एकदा परत येतो, कारण माझ्या पहिल्या प्रतिसादातली एक बाब अपुरी राहिली. रायोलाइटचा लाव्हा घट्ट असतो, तो बेसाल्टसारखा शंभर-शंभर किलोमीटर वाहत जात नाही. म्हणजे माथ्यावरचा लाव्हा ज्या वाटेने वर आला ती वाट पावागडाच्या आसपासच कुठेतरी असणार. नेमकी कुठे, हे सांगता येत नाही. तेव्हा "इथे कधीच ज्वालामुखी नव्हता" असंही मुलांना सांगू नका. होता. जवळपासच होता. तो विझून झिजून गेला, त्याने ओतलेले थर उरले, आणि त्या थरांच्या सपाट्यांवर देवळं, कोठारं, तलाव झाले. "सुप्त" हा शब्द तेवढा सगळ्यांनी ग्रुपांवरून काढून टाकावा.

---

प्रश्नचिन्ह

हे पटलं. टुवाच्या झऱ्यांसकट पटलं. ग्रुपवर तो ढगाचा फोटो आला की आता मी तुमचा हाच प्रतिसाद चिकटवणार.

---

आजीचा_बटवा

मीही पाठवते आमच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर. तिथे तर फारच पसरलंय ते.

---

रावपुरावाली

सगळ्यांचे मनापासून आभार. असं ठरवतेय: आधी खाली चांपानेर, जामा मशिदीची जाळी आणि वाव. मग माची, सात कमान, कोठारं. मग मौलिया आणि लकुलीश. माथा शेवटी. रोपवे फक्त ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी. परतताना विश्वामित्रीचा पूल. हालोलकर, एका दिवसात होईल का? आणि काका, मुलांनी दगडाचे तुकडे आणले तर चालतील का?

---

हालोलकर

एका दिवसात सगळं होणार नाही. सकाळी सातला हालोल सोडलंत तरी माची गाठेपर्यंत दहा वाजतील, मुलं वावेतून लवकर बाहेर येत नाहीत. नगीना मशीद आणि वडा तलाव पुढच्या खेपेला ठेवा. रविवार आणि पौर्णिमा टाळा, चैत्र आणि आश्विन नवरात्रात तर फिरकूच नका, पायऱ्यांवर उभं राहायला जागा नसते. मधल्या वारी या. पाण्याच्या बाटल्या घरून आणा आणि रिकाम्या झाल्या की घरीच न्या. दुधिया तलावाच्या काठावर काय काय पडलेलं असतं ते बघवत नाही.

---

दगडधोंडे

तुकडे आणू नका. संरक्षित जागा आहे, हातोडी तर बाहेरही काढायची नाही. मुलांनी वहीत रेघांचं चित्र काढावं, जागा लिहावी, फोटो घ्यावा. हातात धरून बघायला बेसाल्ट, रायोलाइट आणि पिचस्टोनचे जुने नमुने माझ्याकडे आहेत. भिंगंही आहेत, दोघांत एक पुरेल. मौलियापर्यंत मी अजून चढतो. तारीख ठरली की कळवा, ओरसंगकाठांच्या शाळेचंही त्यातच जमवू.